मुलाम्याची किंमत

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी पॅरिसमध्ये घडवलेली, शेकोटीवरच्या फळीवर ठेवायची घड्याळे आज अनेक संग्रहालयांत दिसतात. संगमरवराची बैठक, तिच्यावर सोनेरी ब्राँझच्या मूर्ती आणि मध्ये मिन्याची पांढरी तबकडी. तबकडीवर पुष्कळदा घड्याळजीचे नाव असते. ब्राँझकाम करणाऱ्याचे नाव क्वचित सापडते. त्यावर सोने चढवणाऱ्याचे जवळजवळ कधीच नाही.

‘मुलामा’ म्हटले की आपल्याला वरवरचा देखावा आठवतो. हा मुलामा तसा नव्हता. सोने पाऱ्यात मिसळून त्याचा लोण्यासारखा लगदा करीत. तो ब्राँझला फासून वस्तू कोळशाच्या आचेवर तापवली की पारा उडून जाई आणि सोने धातूला घट्ट धरून राही. मग काही भाग अकीकाने घोटून चकचकीत करीत, काही मुद्दाम मंद ठेवीत. दोनशे वर्षांनंतरही ही झळाळी टिकून आहे, ती त्यामुळेच.

पण उडालेला पारा कारागिराच्या श्वासातून त्याच्या अंगात जाई. हात कापू लागत, तोंडाला सतत लाळ सुटे, दात हलू लागत. ज्या हातांनी सोने फासायचे तेच निकामी होत.

नेपोलियनच्या राजवाड्यांना ब्राँझकाम पुरवणारा आंत्वान-आंद्रे राव्रियो याच धंद्यात मोठा झाला होता. १८१४ साली तो वारला. पाऱ्याच्या वाफेपासून कारागिरांना वाचवण्याचा उपाय जो शोधील त्याच्यासाठी मृत्युपत्रात त्याने ३,००० फ्रँक ठेवले होते. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्या रकमेचे पारितोषिक लावले आणि १८१८ मध्ये ते रसायनज्ञ झाँ-पिएर-जोसेफ दार्से याला मिळाले. त्याची युक्ती साधी होती : मुलाम्याच्या भट्टीचे धुराडे दुसऱ्या एका विस्तवाने तापते ठेवायचे. वर चढणारी गरम हवा वाफेला ओढून नेई आणि ती कारागिराच्या तोंडाकडे येत नसे. राव्रियोला हे पाहायला मिळाले नाही.

१८४० नंतर विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची रीत पसरली आणि पाऱ्याची पद्धत हळूहळू मागे पडली. जुनी घड्याळे उरली. त्यांच्यावर मुलामेवाल्याचे नाव कोणी घातले नाही. त्याच्या दुखण्याची दखल मात्र एका ब्राँझवाल्याच्या मृत्युपत्राने घेतली.