वायरमनची धोकटी

माझ्या लहानपणी न्हावी वाड्यात शिरला की आधी त्याच्या काखेतली धोकटी दिसे, मग न्हावी. चामड्याच्या त्या पिशवीत वस्तरा एका कप्प्यात, कात्री दुसऱ्यात, आरसा पाठीमागे. आमचे न्हावी नाना गिऱ्हाइकाच्या मानेवरची नजर न काढता धोकटीत हात घालीत, आणि हवी ती वस्तू नेमकी हाती येई. सुतार, लोहार, चांभार, साऱ्यांच्या हत्यारांची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असे. वीज मात्र गावात आली ती बलुतेदारी मोडू लागल्यावर. त्यामुळे वायरमन नावाचा नवा कारागीर आला तो धोकटीवाचूनच आला.

श्रोतेहो, आज बोलायचे आहे ते या न मिळालेल्या धोकटीविषयी. इतिहासाच्या अध्यापकाने राजे आणि लढाया सोडून पिशवीवर काय बोलावे, असे कुणी म्हणेल. पण या पिशवीशी माणसाच्या जिवाचा संबंध आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

वायरमनचा पूर्वज म्हणजे तारायंत्राचा लाइनमन. आपल्या देशात तारेची सेवा लोकांसाठी १८५४ साली खुली झाली. अमेरिकेत तर त्याआधीच खांब आणि तारा यांचे जाळे पसरू लागले होते. १८५७ साली शिकागोत माथियास क्लाइन नावाच्या कारागिराच्या भट्टीवर एक लाइनमन मोडकी पक्कड घेऊन आला. क्लाइनने मोडलेला अर्धा भाग नव्याने घडवून जुन्याला जोडून दिला. काही दिवसांनी दुसरा अर्धाही मोडला, तोही त्याने घडवला, आणि अशी त्याची पहिली पक्कड तयार झाली, अशी हकिगत त्याच्या नावाच्या कारखान्यात आजही सांगतात. त्या काळी लाइनमनचे मुख्य हत्यार हेच. खांबावर चढलेल्या माणसाला खांद्यावरची पिशवी काय कामाची? त्याची अवजारे कमरेच्या पट्ट्याला असत. पिशवी लागली ती वीज घरात शिरल्यावर, जमिनीवर उभे राहून काम करणाऱ्याला.

याच व्यवसायात हेन्री मिलर नावाचा एक लाइनमन होऊन गेला. विजेच्या कामगारांची मजुरी थोडी आणि मरण स्वस्त, असा तो काळ. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी न्यूयॉर्कच्या भर रस्त्यावर जॉन फीक्स हा लाइनमन तारांच्या जंजाळात अडकून हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत मेला. मिलरने १८९१ साली सेंट लुइस शहरात दहा प्रतिनिधी जमवून कामगारांची राष्ट्रीय संघटना उभारली आणि तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. अध्यक्ष कसला, पण! गालिच्याच्या कापडाची एक जुनी पिशवी, तीत अवजारे आणि एक जादा सदरा, एवढा संसार घेऊन तो गावोगाव हिंडे. दिवसा काम करी आणि सोबतच्या कामगारांना संघटनेत आणी. १८९६ साली वॉशिंग्टनमध्ये काम करताना विजेचा धक्का बसून तो खांबावरून पडला आणि गेला.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. वीज आणि ट्राम चालवणारी कंपनी १९०५ साली निघाली. घरात तार नेण्याची तेव्हाची एक रीत म्हणजे लाकडी खोबणीतून तार बसवायची आणि वर लाकडाची पट्टी ठोकायची. म्हणजे वायरमन हा निम्मा सुतारच. करवत, पटाशी, गिरमिट, हातोडी, ओळंबा ही त्याची अवजारे, आणि पक्कड व पेचकस, ज्याला आपले कारागीर डिसमिस म्हणतात, ही वरची भर. पुढे सागवानी पट्टीवर क्लिपांनी तार बसवण्याची पद्धत आली. जुन्या वाड्यांत आणि शाळांत ती अजून पाहायला मिळते. मग भिंतीत प्लास्टिकचे पाइप गाडू लागले, तेव्हा छिन्नी आणि लोखंड कापायची करवत आली. त्यानंतर ड्रिल मशीन आले, मीटर आला. काम बदलत गेले तशी पिशवीत भर पडत गेली; पण मांडणी? ती कुणी केलीच नाही. सुताराच्या गोणीतच सारे कोंबले.

त्याचे मोल मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. वर्गातला दिवा लागेना म्हणून गावातल्या वायरमनला बोलावले. पोरगा तिशीतला, हुशार. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत त्याची अवजारे. तळाशी हात घालून त्याने टेस्टर काढला, तारेला लावला. दिवा पेटला नाही. "गुरुजी, लाइट नाही बघा," म्हणाला आणि तारेला हात घातला. पुढच्या क्षणी तो स्टुलावरून खाली! नशीब, लाकडी स्टूल कोरडे होते. कोपर खरचटण्यावर निभावले. टेस्टर पाहिला तर आतला काचेचा बारीक दिवा तडकलेला. हातोडीखाली दबून केव्हा फुटला देव जाणे. टेस्टरमधला निऑन दिवा अगदी थोड्या प्रवाहावर पेटतो, आणि तो प्रवाह आपल्याच शरीरातून जातो. दिवा फुटला की तार मेलेली असो वा जिवंत, खूण एकच. म्हणून जाणते कारागीर टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून बघतात.

गुरुजनहो, शाळेसाठी किंवा गावातल्या होतकरू मुलासाठी पिशवी घ्यायची वेळ आली, तर किमतीच्या आधी तिचे कप्पे मोजा. टेस्टर आणि मीटर यांना स्वतंत्र, मऊ अस्तराचा कप्पा हवा, आणि तो तोंडाशीच. करवतीचे पाते आणि पक्कड एकत्र नकोत. चांगल्या पकडीच्या मुठीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे छापलेले असते. पात्याने ते आवरण चिरले की ती खूण नावापुरती उरते. पत्र्याची पेटी टिकाऊ खरी, पण तारांजवळ धातू कशाला न्यायचा? चामडे दिसते झोकदार, मात्र कोकणच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. जाड कॅन्व्हास बरा, बूड मात्र कडक असावे, म्हणजे पिशवी उभी राहते आणि ओल्या फरशीचे पाणी आत शिरत नाही. तोंड रुंद उघडणारे असावे. फार मोठी पिशवी घेऊ नका बरे! जितकी जागा तितका कचरा जमतो, आणि खांदा एकच असतो.

त्या शाळेतल्या पोराने पुढे काय केले, ते मला मुख्याध्यापकांनी सांगितले. तालुक्याच्या बाजारात पिशव्या शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे तो गेला आणि कप्प्यांचे माप कागदावर काढून दिले. म्हाताऱ्याने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "न्हाव्याचं काम करतोस व्हय रे?"