‘दिसलीच नाही!’

मोटार आणि मोटारसायकल यांची टक्कर झाली की मोटारचालकाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘मोटारसायकल मला दिसलीच नाही!’ ही निव्वळ सबब समजायची की यात काही तथ्य आहे?

१९७६-७७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल-अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. शिवाय ३६०० पोलीस अहवाल तपासले. १९८१ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसरे वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या चालकाची होती. आधी जाण्याचा हक्क मोटारसायकलचा असताना त्याने आपले वाहन मध्ये घातले होते. नेहमीचा प्रसंग म्हणजे समोरून मोटारसायकल येत असताना मोटारीने डावे वळण घेणे. (तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात, आपल्याकडे हा धोका उजव्या वळणाला असतो.) टक्कर टाळायला स्वाराला दोन सेकंदही मिळत नव्हते.

असे का घडते? हात लांब करून अंगठा डोळ्यासमोर धरा. त्याची रुंदी डोळ्याशी साधारण २ अंशांचा कोन करते. ५० मीटरवरची मोटार एवढीच दिसते. मोटारसायकल मात्र जेमतेम करंगळीएवढी. ताशी ६० किलोमीटर वेगाने ती तीन सेकंदांत आपल्यापाशी पोचते! लहान प्रतिमा म्हणजे दूरची वस्तू, असा आपला मेंदू अंदाज बांधतो. पुढच्या काळातील प्रयोगांत असेच आढळले : अंतर आणि वेग सारखे असले, तरी मोटारसायकल मोटारीपेक्षा उशिरा पोचेल असे पाहणाऱ्यांना वाटते.

दिवसाही पुढचा दिवा लावलेल्या मोटारसायकली अशा अपघातांत कमी सापडतात, असेही हर्ट यांना दिसले होते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तरीही २०२२ साली देशातील रस्ते-अपघातांत मरण पावलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोक दुचाकीवरचे होते. दिव्यामुळे वाहन आहे एवढे कळते. ते किती जवळ आहे याचा अंदाज चालकालाच करावा लागतो.

म्हणून वळण्यापूर्वी नजर नुसती फिरवू नये. डोळा वेगाने फिरत असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. नजर क्षणभर थांबवून दोनदा पाहावे, आणि दुचाकी वाटते त्याहून जवळ आहे असे धरून चालावे.

अंगठ्याचा प्रयोग शाळेच्या मैदानावर करता येईल. आपले विद्यार्थी काही वर्षांतच वाहने चालवू लागणार आहेत.