शॉटगनची काडतुसं घाऊक विकत घेता येतात का? नियम काय सांगतात?

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये लोक दुकानातून काडतुसांची खोकी ट्रॉलीत भरून नेताना दिसतात. छत्रपती संभाजीनगरमधल्या एखाद्याने ट्रॅप किंवा स्कीट हे नेमबाजीचे प्रकार शिकायचं ठरवलं, तर त्याला अशी खरेदी करता येईल का? थोडक्यात उत्तर असं: हवेत उडवायच्या तबकड्या हव्या तेवढ्या घेता येतात, काडतुसं मात्र परवान्यावर लिहिली असतील तेवढीच.

इतकी काडतुसं लागतात कशाला?

ट्रॅपच्या पात्रता फेरीत खेळाडूपुढे १२५ तबकड्या उडवल्या जातात आणि प्रत्येक तबकडीवर दोन गोळ्या झाडायची मुभा असते. म्हणजे एका स्पर्धेला १२५ ते २५० काडतुसं लागतात. आठवड्यातून पाच दिवस रोज १०० तबकड्यांचा सराव केला, तर आठवड्याला किमान ५०० काडतुसं संपतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या काडतुसांचा वेग आणि छर्ऱ्यांचा फैलाव सारखा नसतो. त्यामुळे खेळाडू एकाच प्रकारचा साठा घेणं पसंत करतात.

परवान्याची अट काय?

शस्त्र कायदा, १९५९ नुसार बंदुकीप्रमाणेच काडतुसांसाठीही परवाना लागतो. शहरात तो पोलीस आयुक्त देतात, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, हे परवान्यावर नमूद असतं. परवानाधारक विक्रेता प्रत्येक विक्रीची नोंद ठेवतो. त्यामुळे खिशात पैसे असले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

नेमबाजांसाठी मर्यादा जास्त आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियम बदलून सरावासाठीचा वार्षिक कोटा वाढवला. २१ वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारण परवाना मिळत नाही, पण खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी वेगळी तरतूद आहे.

काडतुसं बनतात कुठे?

देशी बारा बोअरची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. १८६९ पासूनचा हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. स्पर्धेत उतरणारे अनेक नेमबाज मात्र आयात केलेली काडतुसं वापरतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या काडतुसात साधारण २४ ग्रॅम छर्रे असतात. म्हणजे १,००० काडतुसांत नुसते छर्रेच २४ किलोंचे!

तबकड्यांचं काय?

नाव ‘क्ले टार्गेट’ असलं तरी त्यात माती नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा पिच यांपासून ही तबकडी तयार होते. तिचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम. ती ना शस्त्र ना स्फोटक, त्यामुळे परवाना लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. हजार तबकड्यांचं वजन १०५ किलो भरतं, त्या वाहतुकीत सहज फुटतात आणि पिच उष्णतेने मऊ पडतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवलेल्या तबकड्यांचा आकार बिघडू शकतो. म्हणून साठा सावलीत, थंड जागी ठेवावा लागतो. शिवाय तबकड्या उडवायला यंत्र आणि छर्रे पडायला मोकळी, सुरक्षित जागा हवी. त्यामुळे ही खरेदी सहसा क्लबच करतात.

ही चूक करू नका

सोशल मीडियावर कुणी ‘काडतुसं घरपोच, परवान्याची गरज नाही’ असं सांगत असेल, तर तो व्यवहार बेकायदा आहे. मित्राच्या परवान्यावर आणलेली काडतुसं विनापरवाना स्वतःजवळ ठेवणं हाही गुन्हाच. अशा प्रकरणात विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही तुरुंगवास होऊ शकतो.

खेळात खरंच उतरायचं असेल, तर सुरुवात दुकानातून नव्हे, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यत्वापासून करावी. आधी क्लब, मग परवाना आणि काडतुसांची खरेदी सगळ्यात शेवटी.