फ्रीगंज, अफूचा काटा आणि दमणची वाट

उज्जैन रेल्वे स्थानकाच्या एका अंगाला महाकालाचे आणि क्षिप्रेच्या घाटांचे जुने शहर आहे. रूळ ओलांडून दुसऱ्या अंगाला गेले की सरळ, रुंद रस्त्यांची आणि घड्याळाच्या मनोऱ्याची फ्रीगंज ही पेठ लागते. तिचे दुसरे नाव माधवनगर. ग्वाल्हेर संस्थानचे अधिपती माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांच्या नावाने ती ओळखली जाते. व्यापाऱ्यांनी येथे येऊन वसावे म्हणून त्यांना करात सवलत दिली गेली आणि त्यावरून ‘फ्री’ हा शब्द नावाला चिकटला, असे स्थानिक लोक सांगतात. इंग्रजी विशेषणाला ‘गंज’ हे फारसी नाम जोडून मराठी राजाच्या हिंदीभाषक पेठेचे नाव तयार झाले. करमाफी हेच ज्या पेठेचे भूषण ठरले, तिच्या आसपासच्या मुलखात कराचे ओझे किती असेल, हा प्रश्न त्यातून साहजिकच उद्भवतो.

वसाहतवादाचा वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष परकी अंमलाखालचे प्रदेश येतात. गोव्यात पोर्तुगीज होते, मुंबईत इंग्रज होते. उज्जैन मात्र कधीच ब्रिटिश मुलूख नव्हते. अठराव्या शतकापासून ते शिंद्यांकडे होते. महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी केला. शिंदेशाहीच्या कारभारात शेणवी मंडळींचे वजन किती होते, हे गोमंतकीय वाचकास निराळे सांगावयास नको. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली. पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी उज्जैनजवळच्या महिदपूर येथे होळकरांचा पराभव झाला आणि माळव्यावर इंग्रजांचे वर्चस्व बसले. गादी, दरबार आणि निशाण संस्थानिकांचेच राहिले. पण माळव्याच्या सर्वांत मोलाच्या पिकावरील नफ्याची नाडी इंग्रजांच्या हाती गेली. ते पीक अफूचे होते.

बंगाल व बिहारमध्ये अफूची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीची होती. माळव्यात शेतकरी, सावकार आणि व्यापारी स्वतंत्रपणे हा व्यवहार करीत. बोंडाला चीर देऊन काढलेला चीक जवसाच्या तेलात मुरवायचा, त्याचे गोळे वळायचे आणि पेट्या भरून चीनच्या जहाजांवर चढवायच्या, अशी ही रीत होती. १८२० आणि १८३० च्या दशकांत काही वर्षी माळव्याची निर्यात बंगालच्याही पुढे गेली. कंपनीला हे सोसणे शक्य नव्हते. तिने मुंबई बंदरातून माळव्याची अफू जाऊ देण्यास बंदी केली. पुढे एकेका संस्थानाशी करार करून गुजरातेतून उतरणाऱ्या वाटाही आवळल्या. दौलतराव शिंद्यांनी अशा करारास संमती दिली नाही.

गोमंतकाचा संबंध येथे येतो. कंपनीचा हुकूम जेथे चालत नव्हता, असे जवळचे बंदर पोर्तुगिजांचे दमण होते. गुजरातेतल्या वाटा बंद होत गेल्या तसा माल उज्जैनहून पाली, जैसलमेर, कराची असा वाळवंटी वळसा घालून समुद्रमार्गे दमणला पोहोचू लागला. सरळ वाट मोजक्या दिवसांची, पण जकात चुकविण्यासाठी उंटांचे तांडे अर्धे राजस्थान पालथे घालीत. या व्यापारात मूळ गोमंतकीय असलेले मुंबईचे व्यापारी रोजेरिओ दे फारिया, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांची नावे ठळक आहेत. इतिहासकार अमर फारुकी यांनी या चोरट्या वाहतुकीकडे साम्राज्याच्या मक्तेदारीला भारतीय व्यापाऱ्यांनी दिलेले आव्हान म्हणून पाहिले आहे. ते खरेच, पण त्या मालाने चीनमध्ये जे केले, ते ध्यानात ठेवूनच त्या धाडसाचे कौतुक करावे.

अखेर कंपनीने बंदीचा नाद सोडला आणि त्याहून फायदेशीर युक्ती काढली. १८३१ च्या सुमारास पेटीमागे १७५ रुपये भरून परवाना घेतला की माल उघडपणे मुंबईस नेता येऊ लागला. दमणच्या स्पर्धेमुळे हा दर १८३५ मध्ये १२५ रुपयांवर आणावा लागला. १८४३ मध्ये सिंध खालसा झाला आणि कराचीची वाट बुजली. लगेच दर २०० झाला आणि १८४७ पर्यंत ४०० वर गेला. दमणचे दार उघडे होते तोवर दर खाली होता, ते निरुपयोगी होताच तो चढला. पुढे इंदूर, उज्जैन, रतलाम आदी ठिकाणी सरकारी काटे उभे राहिले. तेथे पेट्यांचे वजन व्हायचे, शुल्क भरले जायचे, मग त्या बंदराकडे निघायच्या.

या व्यवस्थेत वसुली होती, जबाबदारी नव्हती. बिहारमध्ये कंपनीला निदान शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यावी लागे, खाते चालवावे लागे. माळव्यात तिला रस्ता बांधायचा नव्हता की विहीर खणायची नव्हती. मुलूख संस्थानिकाचा, कर्ज सावकाराचे, पिकाची जोखीम कुणब्याची. काट्यावरचे शुल्क मात्र ब्रिटिश खजिन्याचे. रेल्वेचा व्यवहारही असाच उलटा. इंदूरला रेल्वे यावी म्हणून तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) ब्रिटिश सरकारलाच एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने साडेचार टक्के व्याजावर कर्जाऊ दिले. अफूच्या उत्पन्नाचा काही भाग दादाभाई नौरोजींच्या संपत्ती-वहनाच्या मांडणीतही आला, आणि या व्यापाराचा त्यांनी तीव्र निषेध केला.

१९०७ च्या करारानुसार चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने घटली आणि १९१३ मध्ये ती विक्री थांबली. माळव्यातील अफूचे भांडवल कापसाकडे व कापड गिरण्यांकडे वळले. इंदूरचे सर हुकुमचंद हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण; उज्जैनलाही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. स्वातंत्र्यानंतर काही दशकांतच हे भोंगे मुके झाले. इंदूरची हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकीत देण्यापोटी २२४ कोटी रुपये देण्यास २५ डिसेंबर २०२३ हा दिवस उजाडावा लागला. तोवर अनेक कामगार हयात नव्हते. उज्जैनच्या विनोद मिलच्या कामगारांनाही हक्काच्या पैशांसाठी दीर्घकाळ न्यायालयाची पायरी चढावी लागली. या अपयशाचे खापर इंग्रजांवर फोडता येणार नाही. गिरण्या आपल्याच काळात बंद पडल्या आणि देणी आपल्याच यंत्रणेत अडकली.

अफूचा परवाना मात्र टिकला. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा १९४७ साली इंग्रजांनी स्थापलेले कोको विपणन मंडळ नव्या राज्यकर्त्यांनी मोडले नाही. कारण शेतकरी आणि जागतिक बाजार यांच्यामध्ये बसलेले असे यंत्र कोणत्याही सरकारला सोयीचे असते. गोव्यातही पोर्तुगीज काळातील खाण सवलती १९६१ नंतर तशाच चालू राहिल्या. १९८७ च्या कायद्याने त्यांचे खाणपट्टे झाले. त्यांची मुदत २००७ मध्येच संपल्याचे सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावे लागले आणि २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. येथेही कच्चा माल बंदराबाहेर गेला आणि मागे खंदक उरले.

माळव्यातील अफूवर आज केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे नियंत्रण असून त्याचे मुख्यालय ग्वाल्हेर येथे आहे. अफूचे नियंत्रण हवेच, कारण चोरटा व्यापार आजही सुरू आहे. प्रश्न त्या नियंत्रणात शेतकऱ्याचे स्थान कोणते, हा आहे. मंदसौर, नीमच, रतलाम या पट्ट्यात परवाना काही आरी जमिनीचा मिळतो. संपूर्ण चीक सरकारलाच द्यावा लागतो आणि दरही सरकारच ठरवते. अलीकडच्या धोरणांत हेक्टरी ४.२ किलो मॉर्फिन हा निकष आहे. गारपीट झाली, चिकाचा कस उतरला, तर पिढीजात परवाना धोक्यात येतो. गावातील वजनाच्या व्यवहाराची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला अजूनही ‘लंबरदार’ म्हणतात. २०२१-२२ पासून निकषाच्या थोडे खाली राहिलेल्यांसाठी बोंडाला चीर न देता वाळलेली बोंडे सरकारला देण्याचा दुसरा परवाना सुरू झाला. त्यात रात्रीची राखण आणि चीक गोळा करण्याची मेहनत वाचते. वजन मात्र पूर्वीप्रमाणेच सरकारी काट्यावर होते.