पाचोडने कमावलेलं एक वर्ष

गाव पाचोड म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "हे कुठं आलं?" मराठवाडा म्हटलं की दुसरा, "दुष्काळी भाग ना?" तिसरा तोंडावर कुणी विचारत नाही, पण मनात असतोच. तिकडे पोरींची लग्नं लवकर उरकतात म्हणे.

दोन्ही आरोप खरे आहेत. ते खोडून गावाची बाजू मांडता येत नाही आणि मला तशी मांडायचीही नाही.

संभाजीनगरहून बीडला जाताना महामार्गावर पैठण तालुक्यातलं पाचोड लागतं. इथला मोसंबीचा बाजार प्रसिद्ध. 2012-13च्या दुष्काळात याच पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी पोसलेली झाडं स्वतःच्या हातांनी तोडली. जायकवाडी धरण आमच्याच तालुक्यात, तरीही.

'मागास' या शब्दाचा मात्र हिशोब बघायला हवा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिकवायचं माध्यम उर्दू. मुंबईला विद्यापीठ मिळालं 1857 साली, मराठवाड्याला 1958 साली. मधे एक शतक गेलं. पुढे 1984च्या दांडेकर समितीच्या अहवालाने रस्ते, सिंचन, शिक्षण अशा खात्यांतली तूट मोजली आणि 'अनुशेष' हा शब्द घरोघरी पोचला. अनुशेष म्हणजे थकबाकी. ती माणसांच्या स्वभावात शोधून सापडत नाही.

पण थकबाकी दाखवून तिसऱ्या प्रश्नातून सुटका होत नाही. मुलीच्या लग्नाचं वय कायद्याने 1978 सालीच 18 केलं होतं. त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, 1997 साली, पाचोड परिसरातल्या काही गावांत मोजणी झाली. लग्न झालेल्या दर 100 मुलींपैकी सुमारे 81 जणी अठराच्या आतल्या निघाल्या.

हा आकडा बाहेरच्या कुणी आमची बदनामी करायला काढला नव्हता. तो पाचोडमधल्याच संस्थेने काढला. डॉ. अशोक दयालचंद हे नेत्रतज्ज्ञ सत्तरच्या दशकात इथे आले आणि राहिले. त्यांनी उभी केलेली 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट' गावोगाव आरोग्याचं काम करत होती. कोवळ्या वयातल्या बाळंतपणाचे हाल दिसत असताना नुसती औषधं देऊन भागणार नव्हतं.

त्यांनी काढलेला उपाय अगदी साधा होता. बारा ते अठरा वयाच्या, लग्न न झालेल्या मुलींसाठी गावातच संध्याकाळी एक तासाचा वर्ग. वर्षभरात 225 तास. शिकवणारी बाई गावातलीच, किमान सातवी शिकलेली. आहार, आरोग्य, ग्रामपंचायत कशी चालते, आपलं म्हणणं कसं मांडायचं, असे विषय. काय शिकवायचं हे ठरवताना आईवडिलांनाही विचारलं, कारण लग्नाचा निर्णय त्यांच्याच हातात होता.

शेजारच्या काही गावांत हे वर्ग मुद्दाम घेतले नाहीत, म्हणजे तुलना करता येईल. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ए/बी टेस्ट म्हणतो आणि बटणाचा रंग ठरवायला वापरतो. इथे पणाला मुलींचं आयुष्य होतं. 2001पर्यंत वर्ग झालेल्या गावांत ते 81 टक्के 62वर आले. लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरा झालं.

फक्त एक वर्ष? सोळाव्या वर्षी ते एक वर्ष म्हणजे दहावीनंतर कॉलेजात पाय टाकायचा की सासरी जायचं, एवढा फरक असतो. शिवाय पहिलं बाळंतपणही एका वर्षाने लांबतं.

2019 साली डॉ. दयालचंदांचा स्वीडनमध्ये 'वर्ल्ड्स चिल्ड्रन्स प्राइझ'ने गौरव झाला. मला त्याहून मोठी वाटते ती दिवसभर घर आणि शेत सांभाळून संध्याकाळी वर्ग घेणारी सातवी शिकलेली बाई. तिचं नाव कुठल्या अहवालात नाही, पण ते आकडे तिने हलवले.

काम संपलेलं नाही. 62 टक्के हा काही मिरवायचा आकडा नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे 22 टक्के होत्या, मराठवाड्यातल्या परभणीत 48. ही लाज आमची आहेच. पण आपली लाज स्वतः मोजून, जाहीर करून ती कमी करायला लागलेली गावं किती, हेही विचारा. त्या यादीत पाचोडचं नाव वरती लिहावं लागेल.