बसचं भाडं कमी केलं की प्रवासी वाढतात का? महापालिकेच्या हातात नेमकं काय असतं?

२०२५ च्या उन्हाळ्यात महिन्याभराच्या अंतराने मुंबई आणि पुणे, दोन्ही शहरांत बसचं तिकीट महागलं. ९ मेपासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं, एसी बसचं ६ वरून १२. पुण्यात पीएमपीएमएलची भाडेवाढ १ जूनपासून लागू झाली.

भाडं वाढलं की चर्चा पैशांचीच होते. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो. बस येणार कधी?

५ रुपयांच्या तिकिटाचं काय झालं?

मुंबईत याचा एक मोठा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणलं. पहिल्या ५ किलोमीटरसाठी फक्त ५ रुपये. बेस्टला आर्थिक मदत देताना मुंबई महापालिकेनेच दोन गोष्टी सांगितल्या होत्या : भाडं कमी करा आणि भाडेतत्त्वावर बस घेऊन ताफा वाढवा.

पहिली गोष्ट एका रात्रीत झाली. शेअर रिक्षाने किंवा पायी स्टेशन गाठणारे लोक बसकडे वळले आणि प्रवासी लाखांनी वाढले. दुसरी गोष्ट झालीच नाही. बेस्टच्या स्वतःच्या बस आयुर्मान संपल्यावर भंगारात निघत गेल्या आणि भाडेतत्त्वावरच्या बस त्या वेगाने आल्या नाहीत. कधीकाळी ४ हजारांच्या वर असलेला ताफा २०२५ मध्ये ३ हजारांच्याही खाली होता.

केंद्राच्या शहरी वाहतूक निकषांनुसार दर हजार लोकांमागे ०.६ किंवा जास्त बस असतील, तर ती सेवा सर्वोत्तम श्रेणीत मोडते. २०११ च्या जनगणनेतली मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे साधारण ७,४०० बस हव्यात. स्वस्त तिकीट हातात घेऊन लोक थांब्यावर उभे राहिले, पण बसच कमी पडल्या.

दर १० मिनिटांनी बस हवी, तर बस किती लागतात?

हे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे, कारण महापालिकेची खरी ताकद इथे दिसते.

समजा, एक मार्ग १५ किलोमीटरचा आहे. बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. जायला एक तास, यायला एक तास, दोन्ही टोकांना १०-१० मिनिटं थांबा. एक फेरी १४० मिनिटांची झाली. दर १० मिनिटांनी बस सोडायची, तर १४ बस लागतील.

आता कोंडीमुळे वेग १० किलोमीटरवर आला. फेरी २०० मिनिटांची होते आणि तीच सेवा द्यायला २० बस लागतात. जास्तीच्या ६ बस कुणी देत नाही, त्यामुळे आहे त्या १४ बस १४-१५ मिनिटांनी येऊ लागतात. तेही वेळापत्रक पाळलं तर. प्रत्यक्षात अर्धा तास काहीच येत नाही आणि मग एकापाठोपाठ तीन बस येतात, हा अनुभव कुणाला नाही?

उलट, वेग २० किलोमीटर झाला, तर ११ बसमध्ये काम भागतं. म्हणजे रस्ता मोकळा केला, तर एकही नवी बस न घेता ३ बस हाताशी राहतात.

आणि रस्ता कुणाचा?

बस चालवणं परिवहन उपक्रमाचं काम. पण शहरातले बहुतेक रस्ते, फुटपाथ आणि पार्किंगचं धोरण महापालिकेच्या हातात असतं.

पुण्याने हे लवकर ओळखलं होतं. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली. पण मार्गिका सलग राहिल्या नाहीत आणि खासगी गाड्या त्यात घुसत राहिल्या. अखेर नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग २०२३ मध्ये उखडण्यात आला. अर्धवट राखलेल्या मार्गिकेचा बसला उपयोग होत नाही आणि इतर वाहनचालकही वैतागतात.

पार्किंगचंही तसंच. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये सशुल्क पार्किंगचं धोरण मंजूर केलं आणि विरोध होताच ते मोजक्या रस्त्यांपुरतं करून टाकलं. ते तिथेही नीट लागू झालं नाही. दुचाकी दारातून काढून ऑफिसखाली फुकट लावता येत असेल, तर बसचं तिकीट कितीही स्वस्त असो, दुचाकीच सोपी वाटते.

थांब्यांचा खर्च तर तुलनेने किरकोळ. सावली, बसायला जागा, रात्री उजेड, रस्ता ओलांडायची सोय. सासूबाईंना घेऊन दवाखान्यात निघालेली बाई बसने जाईल की रिक्षाने, हे बऱ्याचदा इथेच ठरतं. बेस्ट आणि पीएमपीएमएल, दोघांच्याही अ‍ॅपवर बस कुठपर्यंत आली हे दिसतं, त्याने वाट पाहणं थोडं सुसह्य होतं.

तोटा कुणी भरायचा?

पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० या प्रमाणात वाटून घेतात. मुंबईत बेस्टला महापालिका अनुदान देते. भाडेतत्त्वावरच्या बससाठी कंत्राटदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. बस भरलेली असो वा रिकामी, ते बिल द्यावंच लागतं. ही रक्कम थकली की चालकांचे पगार लांबतात आणि कामबंद आंदोलन होतं. त्या दिवशी थांब्यावर ताटकळलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी दुचाकी काढतो, आणि दुचाकीचा हप्ता सुरू झाला की तो सहसा परत येत नाही.

अनुदानाचा आकडा दरवर्षी अर्थसंकल्पात ‘तूट’ म्हणून येतो. उड्डाणपुलावर केलेला खर्च मात्र ‘विकासकाम’ या नावाखाली येतो, मग त्या पुलावरून बसचा मार्ग जात असो वा नसो.