खंडणी: घाटवाटेवरचा शब्द, बायबलमधला शब्द

१/ साक्रीहून नवापूरकडे निघाले की कोंडाईबारीचा घाट लागतो. सुरतेकडून खानदेशात येणारी ही जुनी वाट. अशा वाटांच्या इतिहासात एक शब्द हमखास भेटतो: खंडणी. हाच शब्द मराठी बायबलमध्ये ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ सांगतो. तो तिथे काय करतो आहे?

२/ 'खंडणे' म्हणजे रक्कम ठरवून पक्की करणे. शेत खंडाने देणे, हा प्रयोग त्याच कुळातला. मराठेशाहीत खंडणी म्हणजे स्वारीतून सुटका व्हावी म्हणून शहराने वा प्रांताने भरायची ठरीव रक्कम. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेकडे आधी खंडणी मागितली. ती आली नाही, तेव्हा शहर लुटले गेले.

३/ १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा अनेक घाटवाटांवर भिल्ल नाईकांचा वचक होता. वाटसरूंकडून घेतलेली रक्कम नाईकांच्या लेखी राखणीचा हक्क होता, सरकारच्या लेखी लूट. सरकारने काहींना वेतने बांधून दिली आणि १८२५ मध्ये आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारली. रक्कम एकच, घेणारा कोण, यावर तिचे नाव ठरत होते.

४/ आता पहिल्या शतकात जाऊ. मार्काच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू आपल्या जीवाविषयी बोलतो, तेथे मूळ ग्रीक शब्द आहे 'लुट्रॉन': युद्धकैदी किंवा गुलाम सोडवण्यासाठी मोजायची किंमत. गुलामगिरीवर उभ्या असलेल्या रोमन जगात हा रोजच्या व्यवहारातला शब्द होता. तो ऐकणाऱ्याला समजावून सांगावा लागत नसे.

५/ प्रचलित मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'खंडणी' हा शब्द आहे. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर खंडणी आणि मुक्ती हे शब्द एकत्र येतात. त्यामागचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. नुसते 'मुक्ती' म्हटले की मराठी मन जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याकडे वळते. 'खंडणी' सांगते की ही सुटका फुकट झालेली नाही. कोणीतरी किंमत मोजली आहे.

६/ पण शब्दाबरोबर पेचही आला. खंडणी भरली, तर ती घेतली कोणी? तिसऱ्या शतकातील ऑरिजेनचे उत्तर होते: सैतानाने, कारण माणूस त्याच्या कैदेत होता. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने हे धुडकावले. लुटारूला देवाकडून मोबदला मिळावा, हे त्याला लज्जास्पद वाटले.

७/ १०९८ च्या सुमारास अन्सेल्मने प्रश्नाची मांडणीच बदलली. सैतानाचे काहीच देणे नाही. माणसाने देवाचा मान राखला नाही, ते ऋण फेडायचे आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर या मांडणीची छाप शतकानुशतके राहिली. खंडणीच्या जागी कर्ज आले.

८/ विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशातील आदिवासी वस्त्यांत पोचले. ज्या मुलखाने घाटवाटेवरची वसुलीही पाहिली होती आणि सावकाराचे कर्जही, तेथे सुटकेची किंमत ही कल्पना परकी नव्हती. मात्र या मुलखात किंमत नेहमी दुबळ्याने मोजली होती. बायबलमधले वाक्य नेमके इथे उलटे वळते: किंमत धनी मोजतो आणि सुटतो तो बांधलेला.

९/ आज वर्तमानपत्रात खंडणी म्हणजे गुन्हा: धमकी, अपहरण, अटक. नव्या वाचकाला बायबलमधली खंडणी म्हणूनच खटकते. परंतु गुन्ह्याच्या बातमीत लक्ष घेणाऱ्यावर असते. त्या वचनात ते देणाऱ्यावर आहे. देणारा कोणाच्या धाकाने देत नाही, स्वखुशीने देतो.

१०/ जुना शब्द वाचताना आजचा अर्थ त्याच्यावर लादला, तर वाक्य हातातून निसटते. शब्द कोणत्या वाटेने आला, हे आधी पाहावे. खंडणीची एक वाट कोंडाईबारीतून जाते, दुसरी गुलामांच्या बाजारातून. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: माणूस सुटावा, म्हणून किंमत कोणी मोजायची?